अलंकार थांबवा, हजेरी गायला घ्या

पत्र : मी संगीत विशारद आहे. जूनपासून एका मराठी शाळेत पहिली ते चौथीला संगीत शिकवते. वर्गात पंचेचाळीस-पन्नास मुलं, आठवड्यातून एकदा पस्तीस मिनिटांचा तास. सुरुवातीला ओंकार आणि अलंकार, म्हणजे सरगमचे पलटे घेतले, दादरा-केरवा या तालांचे बोल वहीत उतरवून दिले. दोन आठवडे बरे गेले. आता मी पेटी उघडली की मागच्या बाकांवर मारामारी सुरू होते आणि पुढचे ‘बाई, मोबाईलवरचं गाणं घ्या’ म्हणून मागे लागतात. तिसरीतला एक मुलगा सगळं एकाच सुरात आणि जोरात म्हणतो. त्याच्यामुळे बाकीचे बिघडतात, म्हणून त्याला नुसते ओठ हलवायला सांगितलं. आता त्याची आई भेटायला येणार आहे. शेजारच्या वर्गाच्या बाई आवाजाची तक्रार करतात. मुख्याध्यापिका गॅदरिंगला काय बसवणार ते विचारतात, वाद्यखरेदीची यादीही मागतात. त्यांच्या मनात मोठा कीबोर्ड आहे. माझ्या गुरूंना हा तास दाखवायची मला लाज वाटेल. मी चुकीच्या ठिकाणी आले आहे का?
— एक संगीत शिक्षिका, सातारा जिल्हा

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ठिकाण चुकलेलं नाही. अभ्यासक्रम चुकलाय.

प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद हा गाण्याच्या परीक्षांचा क्रम तुमच्या अंगवळणी पडलाय, त्यामुळे वर्गात शिरल्यावर तुम्ही साहजिकच त्यातली पहिली पायरी काढलीत. पण तो क्रम गाणं शिकायचं ठरवून आलेल्यांसाठी आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि गुरूच्या घरची विद्या वर्गात आणून बसवली. ते काम केवढं मोठं होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी त्या वर्गात येणारा गाण्याच्या ओढीनेच येत होता. तुमच्या तिसरीला कुणी विचारलेलं नाही. गणिताची घंटा झाली आणि बाई पेटी घेऊन आल्या, एवढंच त्यांना ठाऊक. पन्नासातली दोन-तीन मुलं उद्या क्लासला जातील, परीक्षा देतील. उरलेल्यांना आयुष्यात गाणं शिकवणारं जे एकमेव माणूस भेटणार, ते तुम्ही. तास त्यांच्यासाठी आखा.

आणि तुमची नेमणूक झाली हेच मुळात दुर्मीळ आहे, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे प्राथमिकला कलाशिक्षण या एका विषयात चित्र, शिल्प, गायन, वादन, नृत्य, नाट्य असं सगळं कोंबलेलं असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकालाच सांभाळावं लागतं. गायन म्हणजे प्रार्थना आणि पंधरा ऑगस्टचं समूहगीत, इथेच विषय संपतो. अशात एखादी शाळा पहिलीपासून गाण्याची बाई नेमते! मुख्याध्यापिकांशी बोलताना हे मनात असू द्या. त्या तुमच्या विरोधात नाहीत.

आता मी तुम्हाला एक विचारते. वर्गात सा कुठला धरता? पत्रात नाही लिहिलंत, पण माझा अंदाज आहे की काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. तुमच्या गळ्यात तोच बसलेला असणार. सात-आठ वर्षांच्या मुलांना मात्र तो खोल पडतो. त्यांचा आवाज मोकळा होतो तो साधारण त्याच्या वरच्या काळी एकपासून, आणि तिथून वर पाच-सहा सूर. म्हणजे तुम्ही काळी चारला सा धरून अलंकार सुरू केलात की पहिल्या तीन सुरांवर अर्धा वर्ग गातच नाही, नुसता बोलतो. तो गोंगाट ऐकून आपल्याला वाटतं, पोरं बेसूर आहेत.

उपाय साधा आहे. तुमच्या काळी चारचा शुद्ध मध्यम (म) काळी एकवर येतो. मुलांसाठी तोच सा धरा. त्यांचा पंचम (प) तुमच्या तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा-वर येईल, धैवत (ध) तार रिषभावर. तुम्हाला जरा वर गावं लागेल, पण दोन-चार ओळींचंच गाणं असतं, गळ्यावर ताण येत नाही. काळी दोन धरलीत तरी चालेल. तार षड्जापर्यंत मुलांना सध्या नेऊच नका, धैवतावर थांबा. हा एक बदल सोमवारी करून बघा. वर्ग बराच सुरेल झाल्यासारखा वाटेल, आणि त्यात मुलांनी नवीन काहीच केलेलं नसेल.

पेटीही थोडी बाजूला ठेवा. मुलं माणसाच्या आवाजाला आवाज पटकन मिळवतात, वाद्याला मिळवायला त्यांना वेळ लागतो. शिवाय पेटी वाजवताना तुमची नजर पट्ट्यांवर जाते आणि मागच्या बाकाला ते बरोबर कळतं. सुरुवातीचा सा पेटीवर घ्या, गुंजन हवं तर मोबाईलवर तानपुरा लावून ठेवा, आणि उभं राहून गा. आणखी एक सवय लावून घ्या : मुलं गातात तेव्हा तुम्ही गप्प राहायचं. तुमची ओळ झाली की थांबायचं, त्यांची ओळ ऐकायची. आपण त्यांच्याबरोबर गात राहिलो तर आपल्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि वर्ग छान गातोय असा भ्रम होतो. दिवसाला पाच-सहा तास घेणाऱ्या बाईचा गळा टिकण्यासाठीही हे बरं.

गुरूंची लाज वाटते म्हणालात. तुमच्या गुरूंनी तुम्हाला पहिला सूर कसा दिला असेल? गाऊन दाखवला असेल आणि ‘म्हण’ म्हणाले असतील. वहीत लिहून नक्कीच दिला नसेल. तेच इथे करायचंय, फक्त समोर पन्नास जण आहेत.

हजेरीपासून सुरुवात करा. मुलाचं नाव ‘प-ग’ या दोन सुरांवर गायचं, तीन अक्षरी नाव असेल तर ‘प-प-ग’. त्यानं त्याच सुरांवर ‘ह-जर’ असं गाऊन उत्तर द्यायचं. पंचमावरून गंधारावर उतरणं मुलांना फार सोपं जातं. गल्लीत एकमेकांना लांबून हाका मारतात, चिडवतात, तेव्हा बऱ्याचदा हेच दोन सूर असतात. सगळ्या वर्गाची हजेरी गायली तर निम्मा तास जाईल, म्हणून दर आठवड्याला एकच रांग घ्या. महिन्या-दीड महिन्यात प्रत्येक मुलाचा एकट्याचा आवाज तुमच्या कानावरून गेलेला असेल, आणि परीक्षा झाली हे त्यांना कळलेलंही नसेल. नावापुढे छोटी खूण करत चला : सुरात, जवळपास, बोलतो. वर्षअखेरीला प्रगतिपत्रकात काय लिहू हा प्रश्न पडणार नाही.

मग गाणी. पाच सुरांत मावणारी, एकच ओळ फिरून फिरून येणारी, काहीतरी करत म्हणायची गाणी शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. तुमच्याकडे हादगा असतो, पुण्याकडे त्यालाच भोंडला म्हणतात, विदर्भ-खानदेशात भुलाबाईची गाणी असतात. हत्तीभोवती फेर धरायचा, दर ओळीला पावलं पडतात, गाणं एका कडव्याने वाढत जातं, आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. गाणं, लय, स्मरण, हालचाल सगळं त्यात आलं, आणि कुणाच्या आजीला ते शिकवावं लागलं नाही. नवरात्रात तिसरी-चौथीला, मुलग्यांनाही बरोबर घेऊन, मैदानात फेर धरा. मुलगे आधी लाजतील, खिरापतीला पुढे येतील. त्याखेरीज पावसाची बडबडगीतं, वासुदेवाचं गाणं, आजीच्या ओव्या, पाळणे. हंगेरीचे झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांचं नाव संगीतशिक्षणात जगभर घेतलं जातं. ते खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा करणारे संगीतकार. त्यांचा आग्रह एवढाच होता की मुलाचं संगीत त्याच्या मातृभाषेतल्या गाण्यापासून सुरू व्हावं आणि ते गळ्यातून यावं, वाद्य नंतर. त्यांच्या पद्धतीतही सुरुवातीला तेच दोन सूर येतात, आपले प आणि ग.

सारेगम शिकवायचीच नाही का? शिकवायची, पण मूल जे आधीच गातंय त्याला नाव म्हणून. हजेरीचे दोन सूर दोन महिने गाऊन झाले की एक दिवस सांगा, ‘या वरच्याला प म्हणतात, खालच्याला ग.’ हात छातीशी म्हणजे ग, कपाळाशी म्हणजे प. पुढे सा पोटाशी, रे त्याच्या वर, ध डोक्यावर. तुम्ही न गाता नुसता हात हलवायचा आणि वर्गानं गायचं. हा खेळ पहिलीची मुलंसुद्धा दहा मिनिटं न कंटाळता खेळतात. सा रे ग प ध एवढे पाच झाले की भूप राग तुमच्या हातात आलाच. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत, लागून येणारे अवघड सूर नाहीत, त्यामुळे मुलं कशीही वळली तरी फारशी आपटत नाहीत. चौथीच्या शेवटी त्यांना भूपातली एक सोपी सरगम म्हणता आली तर भरून पावलं म्हणा. राग, थाट, वादी-संवादी यांतलं काही तोवर नको.

तालाचंही तेच. वहीतले बोल खोडायला नकोत, वह्या फक्त घरी ठेवायला सांगा. दादरा आधी पायात जाऊ द्या. मुलांना जागेवर उभं करा, ‘धा धी ना’च्या धा-ला डावं पाऊल, ‘धा ती ना’च्या धा-ला उजवं. ते जमलं की पावलं थांबवून पहिल्या मात्रेला टाळी आणि चौथीला टाळी न देता तळवा नुसता उलटा करायचा, तीच ‘खाली’. खाली म्हणजे काय, हे समजावून सांगत बसू नका. तळवा हवेत गेला की तिथलं हलकेपण त्यांना आपोआप कळतं. बोल तोंडाने मोठ्यानं म्हणायचे, तबलजी पढंत करतात तसे, आधी सावकाश आणि मग दुप्पट. मुलांना दुगुन फार आवडते, कारण जीभ अडखळते आणि हसू येतं. केरवा दुसऱ्या सत्रात. आणि तुमच्या शाळेत लेझीम असेलच. पीटीच्या सरांना विचारून लेझमीचा ‘चार आवाज’ हा प्रकार तुमच्या तासाला घ्या. खेळाच्या तासाला जी शिस्त असते ती मुलं त्याबरोबर घेऊन येतात.

आता त्या मुलाबद्दल. मला तुमच्या पत्रातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

ओठ हलवायला सांगणं आजपासून बंद. रागावून लिहीत नाहीये, हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पण माझ्याकडे मोठ्या माणसांची जी पत्रं येतात, ‘मला गाणं येत नाही’ म्हणणारी, त्यांतल्या कितीतरी जणांना कुठल्या तरी इयत्तेत असंच गप्प बसवलेलं असतं. सुरांतला फरक खरोखरच ऐकू न येणारी माणसं असतात, पण फार थोडी. तिसरीत एका सुरात ओरडणाऱ्या मुलाचं दुखणं बहुतेक वेळा कानाचं नसतं. तो बोलायच्या आवाजात गात असतो. वर एक वेगळा, हलका आवाज आहे हे त्याला अजून सापडलेलं नसतं. त्यात आपल्या शाळा. प्रार्थनेला ‘मोठ्यानं!’, पाढ्यांना ‘मोठ्यानं!’, कवितेला ‘आवाज येत नाही, मोठ्यानं!’ तो बिचारा सांगितलेलं करतोय.

आधी त्याला आवाज वर न्यायला शिकवा, पण एकट्याला नको, सगळ्या वर्गाला. कुकरची शिट्टी, रुग्णवाहिकेचा भोंगा, मांजराचं म्याँव, भाजीवाल्याची लांबून येणारी हाक. हात खालून वर नेत आवाज सरकवत न्यायचा आणि पुन्हा खाली आणायचा. हसत-खिदळत होतं हे, आणि तो मुलगा त्यात बघा : भोंग्याचा आवाज काढताना तो नक्की वर जाईल. त्या क्षणी म्हणा, ‘आत्ता होतास ना, तिथेच राहा, तिथेच आ म्हण.’

दुसरी गोष्ट थोडी धीराची आहे. त्याला तुमच्या सुरावर ओढू नका, तुम्ही त्याच्या सुरावर जा. तो जो एक सूर म्हणतो तो कुठलातरी सूर आहेच. समजा पांढरी सहा असेल, तर तुम्ही तो धरा, सगळ्या वर्गाला धरायला लावा. पन्नास जण आपल्या सुरात आलेत हे त्याला ऐकू येऊ द्या. आवाज जुळला की कसं वाटतं, हे बहुधा त्याला पहिल्यांदाच कळेल. मग अर्धा सूर वर. मग आणखी अर्धा. पडला तर पुन्हा त्याच्या घरी जायचं. एका तासाला दोन मिनिटं पुरेत. बसवताना त्याला मागे टाकू नका. दोन पक्क्या गळ्यांच्या मुलांच्या मध्ये, दुसऱ्या बाकावर बसवा, म्हणजे दोन्ही कानांनी बरोबरचा सूर ऐकेल. आणि वर्गातला ‘मोठ्यानं’ हा शब्द बंद करा. त्याऐवजी ‘बाजूच्याचा आवाज ऐकू येईल इतकंच गा.’ याने शेजारच्या बाईंची तक्रारही निम्मी होईल. उरलेल्या निम्म्यासाठी लेझमीचा आणि पावलांचा भाग मैदानात न्या, आणि कधी त्यांच्या वर्गालाच एखादं गाणं ऐकायला बोलवा.

आई येईल तेव्हा स्पष्टीकरण देत बसू नका. ‘त्याला गप्प बसवलं ते बरोबर नव्हतं, आता तो गाणार आहे,’ एवढं सरळ सांगा आणि घरी कोण गातं ते विचारा. हा प्रश्न खरं तर सगळ्या वर्गालाच विचारा. कुणाचे आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवत असतील, कुणाचा काका ढोल-ताशा पथकात असेल, कुणाकडे गोंधळाची परंपरा असेल, कुणाची आई जात्यावरच्या ओव्या आठवून म्हणू शकत असेल. त्यांतल्या एकाला सत्रातून एकदा तासाला बोलवा. पखवाजाला कणीक का लावतात हे आजोबांनी दाखवलं, तर ते मुलांच्या जन्मभर लक्षात राहतं. एरवी ऐकण्यासाठी तासाच्या शेवटी दीड-दोन मिनिटांचा तुकडा लावा, सनई असो, संबळ असो, सतार असो, आणि ऐकायच्या आधी एकच प्रश्न द्या. ‘कुठलं वाद्य आधी थांबतं?’ प्रश्नाशिवाय लावलंत की पंधराव्या सेकंदाला कुजबुज सुरू.

मोबाईलवरच्या गाण्यांवरून नाराज होऊ नका. मुलं गाणं मागतायत, तुमच्या विषयात मुलांनी काही मागणं हे भाग्यच. शब्द बघून घ्या, मुखडाच घ्या, आपल्या काळी एकवर आणा, आणि त्याचा ताल शोधायला लावा. बऱ्याचशा गाण्यांत त्यांना केरवा सापडेल आणि ‘हे आपल्याला येतंय की’ म्हणून ती खूश होतील. फक्त मोबाईल लावून त्याच्यावर गायला लावू नका. ते गाणं मोठ्या माणसाच्या पट्टीत असतं, मुलं त्याच्यामागे किंचाळत जातात.

गॅदरिंगबद्दल मुख्याध्यापिकांना लगेच उत्तर द्या, म्हणजे त्या काळजीतून सुटतील. माझा आग्रह असा, की दहा गोड गळ्यांचं पथक निवडून त्यांच्यावर तीन महिने घालवू नका. आंतरशालेय समूहगीत स्पर्धेला पथक लागतंच, त्याचा सराव मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर घ्या. संमेलनात मात्र प्रत्येक इयत्ता अख्खी रंगमंचावर यावी. वर्षभर जे गायलं त्यातलंच एक गाणं, तीन मिनिटं. पहिलीने हजेरीचा खेळ करावा, दुसरीने हात बघून सूर गावेत, तिसरीने दादऱ्यातलं गाणं टाळी-खालीसह म्हणावं, चौथीने फेर धरावा. तालमीसाठी तास बुडणार नाहीत आणि प्रत्येक पालकाला आपलं मूल दिसेल. ध्वनिमुद्रित ट्रॅक नको. मुख्याध्यापिकांना ‘शोभेल ना?’ अशी शंका येईल. दिवाळीपूर्वी त्यांना एक तास बघायला बोलवा.

राहिली यादी. मोठा कीबोर्ड नको. तो एका वेळी एकच जण वाजवतो आणि एकोणपन्नास मुलं बघत बसतात. त्या पैशात आठ-दहा खंजिऱ्या, पाच-सहा जोड टाळ, घुंगरांच्या चार पट्ट्या आणि एक बरी ढोलकी घ्या. बाकीच्यांना करवंट्या घरून आणायला सांगा, घासून आणल्या की टकटक छान येते. वाद्यं एका वेळी दहा जणांच्या हातात, इतरांची टाळी, मग रांग बदलायची. बाईंची मूठ मिटली की वाद्य जमिनीवर, हा नियम पहिल्या दिवशी घाला आणि मोडला तर त्या रांगेची पाळी गेली. ढोलकी दोरीची घेऊ नका, नट-बोल्टची घ्या. पावसाळ्यात पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडते, तुम्हाला स्वतः पान्याने ताणून घेता येईल. पाना ढोलकीलाच बांधून ठेवा, शाळेच्या कपाटात तो आठवडाभर टिकत नाही.